सावरण्याचे मंगळवार: नर्सिंग विद्यार्थ्यांच्या गटसमुपदेशनाच्या नोंदी

1 जुलै 2025

एथिक्स कमिटीचं पत्र आज हातात आलं. आता खरं काम सुरू. मध्य मुंबईतलं नर्सिंग कॉलेज, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष, बारा जण, आठ सत्रं, दर मंगळवारी सव्वा तास. आणखी बारा जणांची नावं तुलनेसाठी प्रतीक्षेत ठेवली आहेत, त्यांचा गट ऑक्टोबरमध्ये.

दुसरंच वर्ष का, असं कमिटीत विचारलं गेलं. पहिल्या वर्षी मुलं बहुतेक पुतळ्यावर शिकतात, चादरीचे कोपरे घालायला, बीपी घ्यायला. दुसऱ्या वर्षी अ‍ॅडल्ट हेल्थ नर्सिंगच्या मोठ्या पोस्टिंग लागतात आणि एकोणीस-वीस वर्षांचं पोर मेडिकल वॉर्डात उभं राहतं. पहिला मृत्यू बहुतेकांना इथेच भेटतो. घरी फोन करून सांगायची सोय नसते, कारण आई म्हणते, "मग ये परत."

एक अट मी आधीच घातली होती आणि ती मान्य झाली: खोलीत ट्यूटर बसणार नाहीत. ज्यांच्या हातात इंटर्नलचे मार्क आहेत त्यांच्यासमोर कुणी मन मोकळं करत नाही. गटात बोललेलं बाहेर जाणार नाही. अपवाद एकच, कुणाच्या जिवाला धोका असेल तर. तेव्हाही आधी त्या विद्यार्थ्याला सांगायचं, मग पुढचं पाऊल. त्यासाठीची पायरीवार पद्धत लिहून दिली आहे: माझ्याशी एकट्याने बोलणं, मानसोपचार ओपीडी, आणि रात्री-अपरात्रीसाठी टेली-मानसचा 14416, जो प्रत्येकाच्या फोनमध्ये पहिल्याच दिवशी सेव्ह करून घ्यायचा.

4 जुलै

धक्क्यातून पुन्हा उभं राहण्याची ताकद, म्हणजे इंग्रजीतलं 'रेझिलियन्स', मोजायचं कशाने? कॉनर आणि डेव्हिडसन यांची 2003 मधली प्रश्नावली सगळ्यांना माहीत आहे, पण ती 25 प्रश्नांची. ड्यूटीहून आलेल्या मुलांना तेवढं बसवणं जिवावर येईल. म्हणून 2008 ची सहा वाक्यांची छोटी श्रेणी घेतली. एक सहकारी मराठीत आणतो, दुसरी ते न बघता परत इंग्रजीत नेते, मग दोन्ही इंग्रजी शेजारी ठेवून बघतो.

घोडं अडलं ते मूळ शब्दावरच. 'मानसिक लवचिकता' हा पुस्तकी शब्द घेऊन मी तिसऱ्या वर्षाच्या तिघींना वाक्यं वाचून दाखवली. एकीला वाटलं योगासनांबद्दल विचारतेय. 'खणखणीतपणा' नको, 'कणखरपणा' तर मुळीच नको, त्यात न वाकण्याचा अर्थ येतो. शेवटी त्या तिघींतलीच एक म्हणाली, "मॅडम, तुम्ही सावरण्याबद्दल विचारताय ना?"

हो. सावरणं. पडण्याला त्यात जागा आहे. तोल गेला, सावरला. शिवाय आपण स्वतःला सावरतो तसं दुसऱ्यालाही सावरतो. पदर सावरतो, पडतं माणूस सावरतो. कागदावरची सगळी 'लवचिकता' खोडली.

8 जुलै, पहिलं सत्र

जागा मिळाली ती डेमॉन्स्ट्रेशन रूम. खाटेवर पुतळा झोपलेला. पडदा ओढून घेतला, तरी त्याचे पाय दिसत होते.

दहा मुली, दोन मुलगे. सगळे युनिफॉर्ममध्ये, केस जाळीत, पाठ ताठ, हात मांडीवर. व्हायवाला बसावं तसे. नोंदींसाठी खरी नावं वापरायची नाहीत म्हणून प्रत्येकाने फुलाचं नाव घ्यावं असं सुचवलं, तेव्हा पहिल्यांदा खोलीत हालचाल झाली. अबोली, जाई, बकुळ, शेवंती, तगर... 'मोगरा' दोघींना हवा होता. एका मुलाने बराच विचार करून पळस घेतला.

बाकी सव्वा तासात मिळालं काय? "सगळं छान आहे मॅडम." "सिस्टर खूप सपोर्टिव्ह आहेत मॅडम." मी घाई केली नाही. 1965 मध्ये टकमन या मानसशास्त्रज्ञाने गटाच्या पायऱ्या सांगितल्या, त्यातली पहिली अशीच असते, सगळे एकमेकांना जोखत असतात. एक गोष्ट मात्र टिपून ठेवते. संपताना तगरने बूट काढले. दोन्ही टाचांना पट्ट्या. तिने बघितलं की मी बघितलं, आणि बूट पुन्हा घातले नाहीत.

15 जुलै, दुसरं सत्र

वेळ चुकली होती आणि चूक माझी. सकाळची ड्यूटी दोनला संपते असं कागदावर असतं. हँडओव्हर, चार्टिंग धरून सुटायला अडीच होतात, तोवर मेसमध्ये भाताची खरवड उरलेली. अशा पोटी माणूस भावना काय सांगणार? सत्र साडेचारला नेलं. चहा आणि दोन डझन केळी.

आजपासून बोलू लागले. वॉर्डात सगळ्यात जड काय जातं ते चिठ्ठीवर लिहायला सांगितलं होतं. रक्त, जखमा, वास, मृत्यू येईल असं मी धरून चालले होते. बारापैकी नऊ चिठ्ठ्यांमध्ये एकच गोष्ट होती: पेशंटसमोर ओरडा. "एवढंही येत नाही? वर्षभर शिकलीस काय?" शेवंती म्हणाली, "त्यानंतर तो पेशंट मला इंजेक्शन द्यायला देत नाही मॅडम. म्हणतो, दुसरी सिस्टर बुलाओ."

भाषेचंही आलं. जाई नंदुरबारकडची, घरी अहिराणी. इथे निम्मा वॉर्ड हिंदी बोलतो, तीही मुंबईची हिंदी. बेडपॅन मागितलं की डॉक्टर मागितला हे तिला पहिले पंधरा दिवस कळत नव्हतं. पळस म्हणाला की बायकांच्या वॉर्डाच्या दारातच नातेवाईक त्याला अडवतात, "ब्रदर नको," आणि मग केस नोंदवही अपुरी राहिली की बोलणी पुन्हा त्यालाच.

हे ऐकताना बाकीचे मान हलवत होते. मानसोपचारतज्ज्ञ यालमने गटाच्या उपचारशक्तीची जी कारणं सांगितली त्यातलं एक हेच, की मी एकटाच नाही हे कळणं. मी समजावून काही मिळालं नसतं ते शेजारच्या खुर्चीवरच्या मान हलवण्यातून मिळालं.

22 जुलै, तिसरं सत्र

आजचं सत्र 'च'चं.

शेवंतीला सलाईनसाठी शीर दोनदा मिळाली नाही. तिसऱ्यांदा सिस्टरने लावली. रात्री होस्टेलमध्ये तिने ठरवलं, "मी नर्स व्हायच्या लायकीचीच नाही." मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची मांडणी मी फळ्यावर काढली: घटना, त्या घटनेबद्दलची आपली समजूत, आणि परिणाम. शीर न मिळणं ही घटना. रात्रभर रडणं हा परिणाम. मधे काय आहे?

मधे काय आहे ते इंग्रजीत शोधायला 'मस्ट' लागतो, आपल्याकडे एका अक्षरात सापडतं. "मला पहिल्याच वेळी जमलंच पाहिजे." "सिस्टरने चांगलंच म्हटलं पाहिजे." "मी चुकताच कामा नये." मी सांगितलं, आपापल्या वाक्यांतले 'च' मोजा. दहा मिनिटं खोलीत नुसती कुजबुज. अबोलीच्या एका वाक्यात तीन निघाले.

मग 'च' काढून वाक्य परत म्हणायचं. "मला पहिल्या वेळी जमावं असं वाटतं." शेवंतीने म्हणून बघितलं आणि थांबली. "पण मॅडम, औषधाचा डोस बरोबरच द्यायला हवा ना? तिथे च हवा." अगदी बरोबर. बरोबर रुग्ण, बरोबर औषध, बरोबर मात्रा, बरोबर मार्ग, बरोबर वेळ. तिथला 'च' रुग्णाचा जीव वाचवतो. 'मी चुकले म्हणजे मी नालायकच' हा 'च' कुणालाच वाचवत नाही. कुठला ठेवायचा आणि कुठला खोडायचा हे शेवंतीने माझ्यापेक्षा नीट सांगितलं. पुढच्या गटात मी हे तिच्याच शब्दांत मांडणार आहे.

29 जुलै

युनिट टेस्ट, सत्र नाही. पहिल्या चाचणीचे गुण मांडायला बसले आणि हबकले. गटात सगळ्यात मोकळी असलेली तगर तळाला, आणि तोंडातून शब्द न काढणारी बकुळ वर. रात्री अकराला लक्षात आलं: सहापैकी तीन वाक्यं उलट्या अर्थाची आहेत, त्यांचे गुण फिरवून घ्यायचे असतात. मी फिरवलेच नव्हते. सगळे कागद पुन्हा मोजले. चित्र पालटलं: बकुळ सगळ्यात खाली.

यापुढे गुण मी आणि सहकारी, दोघींनी वेगवेगळे मोजायचे आणि मग ताडून बघायचे.

5 ऑगस्ट, चौथं सत्र

हे सत्र नीट लिहून ठेवते.

विषय ठरवला होता 'पहिला मृत्यू'. कुणावर सक्ती नाही, नुसतं ऐकलं तरी चालेल, असं दोनदा सांगितलं. पाच-सात मिनिटं पंख्याचा आवाज. मग बकुळ बोलायला लागली, खाली बघत, केस प्रेझेंटेशनच्या सुरात. मेडिकल वॉर्ड, खाट अमुक, वय साधारण सत्तर, श्वासाचा त्रास. आजींचे केस गुंतले होते म्हणून तिने सकाळी विंचरून वेणी घातली होती. साडेअकराला आजींना त्रास सुरू झाला. सीपीआर. तिला पडदा धरून उभं केलं होतं. पावणेबाराला थांबले.

"मग सिस्टर म्हणाल्या, तू आणि मावशी मिळून लास्ट ऑफिस करा."

प्रोसिजर बुकमध्ये त्याची यादी आहे. नळ्या काढणे, अंग पुसणे, डोळे मिटवणे, जबडा बांधणे, ओळखीची पट्टी लावणे. बकुळला यादी पाठ होती. हात हलेनात. मावशींनी पाण्याचं भांडं ठेवलं, टॉवेल पिळला आणि आजींना म्हणाल्या, "आजी, जरा कुशीवर घेते हं. थंड लागेल थोडं. झालंच." आणि मग बकुळकडे बघून, "धर बाय खांद्याला."

बकुळने धरलं. पाठ पुसताना मावशी आजींशी बोलतच होत्या. वेणी बघून म्हणाल्या, "छान घातलीय गं कुणी." एवढं सांगून बकुळचा केस प्रेझेंटेशनचा सूर सुटला.

बराच वेळ ती रडली. कुणी तिला "रडू नकोस" म्हटलं नाही, तो नियम आम्ही पहिल्या दिवशी केला होता. मोगरा नुसती तिच्याजवळ सरकली. मग बकुळ म्हणाली ती गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: "मॅडम, मी त्यानंतर मेसमध्ये जाऊन जेवले. भूक लागली होती. दोन वेळा भात घेतला. मी कसली माणूस आहे?"

मी काही बोलायच्या आत तगर म्हणाली, "मी वडापाव खाल्ला होता." अबोली म्हणाली, "मी रील्स बघत बसले." पळसने सांगितलं, तो त्या दिवशी झोपला तो थेट दुसऱ्या सकाळी उठला. चौघं-पाच जण, प्रत्येकाला वाटत होतं की हे फक्त माझ्यातच काहीतरी दगडासारखं आहे. मी फक्त शरीराचं सांगितलं: ताण ओसरला की भूक लागते, झोप येते, शरीर आपलं काम करत असतं. जेवलात म्हणजे दुःख नव्हतं असं होत नाही.

लोक या मुलांना 'खंबीर व्हा' म्हणतात. मला आता त्या शब्दाची भीती वाटते. खंबीर व्हायचं म्हणून बकुळ दोन महिने गप्प होती. मावशींनी तिला खंबीर व्हायला सांगितलं नाही, नुसतं खांद्याला धरायला सांगितलं. वॉर्डातलं अर्धं समुपदेशन या मावशी करतात आणि कुठल्या रजिस्टरमध्ये त्याची नोंद होत नाही.

12 ऑगस्ट, पाचवं सत्र

श्वास आणि स्नायू सैल करण्याचा सराव. जेकबसनची, एकेक स्नायू ताणून सैल सोडायची पद्धत पूर्ण करायला वीस मिनिटं लागतात, वॉर्डात ती कोण देणार? म्हणून हँडरबला, म्हणजे हातांना जंतुनाशक चोळण्याला, बांधली. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाने हात चोळायला 20 ते 30 सेकंद लागतातच, दिवसातून कितीतरी वेळा. तेवढ्यात दोन लांब श्वास, खांदे खाली. वेगळा वेळ नको, कुणाला कळतही नाही.

सगळे करत होते. पळसने हात बाजूला ठेवले. "मॅडम, श्वास घेऊन वॉर्डात स्टाफ वाढतो का?"

खोली गार पडली. तो पुढे म्हणाला, पुस्तकात नर्सिंग कौन्सिलचं प्रमाण आहे, शिकवणाऱ्या रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स. परीक्षेत आम्ही तेच लिहितो. वॉर्डात काय असतं ते तुम्ही येऊन बघा. आणि आम्हाला शिकवताय शांत राहायला.

मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण तो चुकत नव्हता. त्याचं म्हणणं फळ्यावर लिहिलं आणि खाली दोन रकाने केले: आपल्या हातात काय, आणि कुणाच्या हातात काय. दुसरा रकाना जास्त लांब झाला. तो रकाना मी जपून ठेवलाय. सावरायला शिकवणं म्हणजे सोसायला शिकवणं असा जर या प्रकल्पाचा अर्थ निघणार असेल तर तो मला करायचा नाही.

19 ऑगस्ट

कालपासूनचा पाऊस. आज शाळा-कॉलेजं, सरकारी कचेऱ्या बंद, हार्बर लोकल ठप्प. मी निघूच शकले नाही, सत्र रद्द असा मेसेज टाकला. रुग्णालयाला मात्र सुट्टी नसते. गाडीत अडकलेल्या सिस्टर पोहोचल्या नाहीत, रात्रपाळीवाल्याच पुढे राबत राहिल्या, आणि होस्टेलमधली मुलं मदतीला गेली.

संध्याकाळी साडेचारला ग्रुपवर मोगऱ्याचा मेसेज: "मॅडम आम्ही बसलोय." होस्टेलच्या पॅसेजमध्ये, सतरंजी टाकून, ज्यांची ड्यूटी नव्हती ते आठ जण. मला आधी काळजीच वाटली, जाणत्या माणसाशिवाय कुणाचं काही उघडं पडलं तर? फोन केला. मॅगी खात होते आणि दुपारी कोणी किती पायऱ्या चढल्या ते सांगत होते, लिफ्ट बंद होती म्हणून. काळजी गेली, पण यासाठीही नियम हवा, तो पुढच्या आराखड्यात घालते.

26 ऑगस्ट

उद्या गणपती. निम्मे गावी, सत्र नाही. अबोलीला रजा नाही मिळाली. तिच्या घरी सावंतवाडीकडे माटवी (गणपतीवरचं फळा-पानांचं छत) बांधून झाली असेल, असं ती फोनवर म्हणाली. पाच मिनिटं बोललो.

2 सप्टेंबर, सहावं सत्र

नऊ जण. आज गौरींचं विसर्जन, बाहेर ढोलताशे, खिडक्या लावून बसलो.

रात्रपाळीची भीती. होस्टेल ते वॉर्ड मधला बोळ, बंद पडलेला दिवा, कॅज्युअल्टीत दारू पिऊन आलेले नातेवाईक. अरुणा शानबाग यांचं नाव निघणार हे मला माहीत होतं. या नर्सवर रुग्णालयातच वॉर्डबॉयने अत्याचार केला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. 1973 मध्ये यांच्यातल्या कुणाचे आई-वडीलही नीट शाळेत जात नसतील, पण परळच्या केईएमचं ते नाव मुंबईत नर्सिंग शिकणाऱ्या प्रत्येकीपर्यंत सीनियरकडून पोहोचतं. तगर म्हणाली, मला त्या नावाची भीतीही वाटते आणि अभिमानही, कारण 2015 मध्ये त्या गेल्या तोवर, बेचाळीस वर्षं, नर्सनीच त्यांना सांभाळलं. एकीनंतर दुसरी पिढी आली, तरी हात सुटला नाही.

इथे मी 'च' खोडायला सांगितला नाही. ही भीती चुकीच्या समजुतीतून आलेली नाही, ती माहितीतून आली आहे. तिच्यावर उपाय दिवा, सोबत आणि सुरक्षारक्षक. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्याविरुद्ध महाराष्ट्रात 2010 चा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, हे नऊपैकी दोघांनाच ठाऊक होतं. दुसऱ्या रकान्यात तीन ओळी वाढल्या.

9 सप्टेंबर, सातवं सत्र

भूमिका करून बघणं. पळस झाला ओरडणारी सिस्टर, आणि इतकी हुबेहूब की सगळे हसून लोळले. मग मात्र कामाचं: "सिस्टर, मला हे एकदा दाखवाल का? पुढचं मी तुमच्यासमोर करते." हे वाक्य प्रत्येकाने उभं राहून म्हटलं. जाईने अहिराणीतही म्हणून दाखवलं.

सत्रानंतर एक जण मागे राहिली. कोण ते इथे लिहीत नाही. मी सरळ विचारलं, जीव नकोसा होतो का, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने विचार डोक्यात घुसतो ही समजूत खोटी आहे. विचारल्यावर माणसाला अनेकदा सुटल्यासारखं वाटतं, तिलाही वाटलं. आज रात्री खोलीत कोण सोबत असेल ते ठरलं, तिच्या संमतीने मोठ्या बहिणीला फोन झाला.

10 सप्टेंबर

तिच्यासोबत ओपीडीत गेले. उपचार सुरू. नोंदीत एवढंच.

16 सप्टेंबर

प्राचार्य आणि ट्यूटर यांच्यासोबत बैठक. गटाने दुसऱ्या रकान्यातून स्वतः एक पान तयार केलं होतं, कुणाचं नाव नाही, तक्रारीचा सूर नाही. उशिरा सुटणाऱ्यांचं ताट मेसमध्ये झाकून ठेवावं. रात्री वॉर्डात जोडीने पाठवावं आणि बोळातला दिवा लावावा. रुग्णासमोर रागावू नये, बाजूला घेऊन रागवावं. आणि पहिल्या मृत्यूनंतर दहा मिनिटं, ट्यूटरने विद्यार्थ्याजवळ बसायचं.

ताट आणि जोडी लगेच मान्य. दिव्यासाठी पत्र जाणार. स्टाफचं प्रमाण इथल्या कुणाच्या हातात नाही, ते पान वर पाठवायचं ठरलं. दहा मिनिटांवर गाडी अडली. एक ज्येष्ठ ट्यूटर म्हणाल्या, "आम्हाला कुणी दिली होती दहा मिनिटं?"

कुणीच काही बोललं नाही. मग त्याच पुढे बोलायला लागल्या. बालरोग वॉर्ड, त्या स्वतः दुसऱ्या वर्षाला, चार वर्षांचं मूल. त्याच्या चपलांचा रंग सांगितला. तीस वर्षांपूर्वीच्या चपला. शेजारच्या ट्यूटरने पाण्याचा ग्लास सरकवला. त्यांनी पाणी घेतलं, चष्मा पुसला आणि पानावर चौथ्या मुद्द्यासमोर स्वतःच्या पेनाने लिहिलं: पुढच्या पोस्टिंगपासून.

23 सप्टेंबर, आठवं सत्र

शेवटचं. दुसरी चाचणी झाली, या वेळी दोघींनी वेगवेगळी मोजली, आकडे जुळले. बहुतेकांचे गुण वर आहेत, दोघांचे खाली. बारा जणांच्या आकड्यांवरून, तेही तुलनेचा गट पुरा होण्याआधी, मी निष्कर्ष काढणार नाही. तीन महिन्यांनी पुन्हा मोजायचं आहे. गुण खाली गेलेल्या दोघांशी वेगळं बोलले. एक जण म्हणाला, "जुलैमध्ये मी सगळं बरोबर आहे असं लिहिलं होतं मॅडम. आता खरं लिहिलंय."

निरोपाला प्रत्येकाने शेजाऱ्याला एक वाक्य द्यायचं होतं. बकुळने मात्र परवाची गोष्ट सांगितली. वॉर्डात पहिल्या वर्षाची एक मुलगी तिच्यासोबत होती, बेशुद्ध रुग्णाची कूस बदलायची होती, आणि ती पोर थिजून उभी. बकुळ रुग्णाला म्हणाली, "काका, जरा कुशीवर घेते हं." आणि मग त्या मुलीला, "धर खांद्याला."

तगर जाताना बूट हातात घेऊनच गेली.

30 सप्टेंबर

दुसरा गट 7 ऑक्टोबरपासून, मंगळवार, साडेचार. त्याआधी: 'च'चा तक्ता मोठ्या अक्षरात करून घेणे. मॅगीच्या दिवसाचा नियम लिहिणे. बोळातल्या दिव्याच्या पत्राचं काय झालं ते विचारणे. मेडिकल वॉर्डातल्या त्या मावशींना भेटून विचारायचं, दुसऱ्या गटात एक दिवस येऊन बसाल का. सकाळपाळीला असतात, तीनच्या आधी गाठायला हवं.